सिएटलच्या पावसातलं लॉन: शेवाळ, चुना आणि सप्टेंबरची पेरणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेल्या उन्हाळ्यात सिएटलजवळच्या बॉथेलला घर घेतलं. मागच्या अंगणात डग्लस फरची तीन मोठी झाडं आणि साधारण २,००० चौरस फुटांचं लॉन आहे. नोव्हेंबरपासून गवत विरळ होत गेलं. आता मार्चमध्ये निम्म्याहून जास्त शेवाळ झालंय, पाय ठेवला की पचकन पाणी वर येतं. चाळीस-चाळीस पौंडांची चुन्याची दोन पोती टाकून झाली, फरक शून्य. त्यात एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, पत्र आलंय. सगळं उकरून नवा सॉड टाकावा का?

नका टाकू. सॉड म्हणजे मुळांसकट तयार मिळणाऱ्या गवताची दीड इंचाची चादर, ती नुसती वर अंथरायची. खालची जमीन तीच, सावली तीच, पाणी तिथेच साचणार. पहिलं वर्ष फोटोसारखं दिसेल, दुसऱ्या हिवाळ्यात कडेने शेवाळ शिरेल आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल, फक्त काही हजार डॉलर खर्च करून. मी या भागात बागांचीच कामं करते, आणि सॉडवर सॉड टाकलेली अंगणं इथे भरपूर आहेत. खणलं की खाली जुन्या सॉडची प्लॅस्टिकची जाळीसुद्धा सापडते.

आपल्याकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात पाऊस म्हणजे वाढ हे गणित पक्कं असतं. पुण्यात मृगाचा पाऊस पडतो तेव्हा जमीन तापलेली असते, त्यामुळे आठ दिवसांत हरळी तरारून येते. सिएटलला वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षा थोडा जास्त आणि मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण तो पडतो ऑक्टोबर ते एप्रिल, जेव्हा जमीन गार असते आणि डिसेंबरात दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो. मग जून-जुलैत सोळा तासांचा दिवस येतो, जमीन तापते, आणि नेमका पाऊस गायब होतो. जुलै आणि ऑगस्ट मिळून दोन इंचसुद्धा पडत नाही. ऊब आणि ओल यांची गाठ वर्षातून दोनदाच पडते: एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. लॉनची सगळी कामं या दोन खिडक्यांमध्ये बसवायची. बाकीच्या वेळी गवताला फारसं काही करता येत नाही, तुम्हालाही येत नाही.

आता जमीन. हिमयुगात या भागावर सुमारे ३,००० फूट जाडीचा बर्फ होता. त्याने खाली दाबून ठेवलेली गोटे, वाळू आणि चिकणमाती यांचा गच्च थर असलेली जमीन आजही आपल्या अंगणाखाली आहे. घर बांधताना बुलडोझर वरची चांगली माती खरवडून नेतो, आणि शेवटी त्या मुरमासारख्या थरावर दोन-तीन इंच माती पसरून सॉड अंथरला जातो. तुमच्याकडे असंच आहे का ते पाच मिनिटांत कळेल. आठ इंचांचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि लॉनमध्ये पाच-सहा ठिकाणी हाताने दाबा. ओल्या मार्चमध्येसुद्धा तो तीन इंचांवर अडकला, तर दुखणं तिथे आहे. मग फावड्याने एक चौकोनी ढेकूळ काढून आडवं धरा. वर काळपट माती, खाली राखाडी, गुळगुळीत, सडक्या अंड्यासारखा वास येणारी पट्टी दिसली, तर तिथे हिवाळाभर पाणी साचून हवा संपलेली आहे. मुळं त्या पट्टीपर्यंत येतात आणि आडवी वळतात. उन्हाळ्यात सगळ्यात आधी पिवळं पडणारं गवत तेच.

शेवाळाबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की ते गवताला मारतं. शेवाळाला मुळंच नसतात, ते कुणाचं अन्न हिरावत नाही. गवत आधी हरतं, रिकाम्या जागेत शेवाळ येतं. गवत हरण्याची कारणं साधारण ठरलेली: सावली, साचलेलं पाणी, दबलेली माती, उपाशी जमीन आणि फार खुजी कापणी. तुमच्या वर्णनात यातली निदान तीन दिसतात.

आणि चुना. चुन्याने शेवाळ मरत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. इतक्या पावसाने मातीतलं कॅल्शियम धुऊन जातं आणि जमीन आम्ल होते, म्हणून इथे चुना लागतो. पण तो लागतो गवतासाठी, आणि त्याचा परिणाम दिसायला महिने जातात. एका वेळी १,००० चौरस फुटांना ५० पौंडांच्या वर टाकू नये. तुम्ही दोन पोती टाकलीत, म्हणजे हजाराला ४० पौंड. पुरे झालं. आता मातीची तपासणी केल्याशिवाय एक चिमूटही नको. बऱ्याच कौंटींमध्ये कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्टकडून (माती-पाणी जपणारी स्थानिक सरकारी संस्था) तपासणी फुकट किंवा अगदी स्वस्तात होते, आपल्या कौंटीत चौकशी करा. पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये असेल, तर इथलं गवत समाधानी असतं. (आणि हो, शेतीचा चुना किंवा डोलोमाइटच. कळीचा चुना टाकून गवत भाजलेलं अंगण मी पाहिलंय. मालक आपल्याच गावाकडचा होता.) फरच्या सुयांमुळे जमीन आंबट होते, असं शेजारी सांगतील. सुयांचा वाटा त्यात नगण्य असतो. झाडाखाली गवत मरतं ते सावलीने आणि मुळांच्या स्पर्धेने.

शेवाळ खरोखर मारतं ते लोह. दुकानात मॉस किलर म्हणून जे मिळतं, त्यात बहुतेक वेळा फेरस सल्फेट असतं, म्हणजे आपलं हिराकस. एप्रिलच्या सुरुवातीला, एक-दोन दिवस पाऊस नसेल असं बघून, शेवाळ ओलं असताना ते पाण्यात विरघळवून फवारा. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, तेवढंच घ्या. दोन दिवसांत शेवाळ काळं पडतं आणि गवत उलट गडद हिरवं होतं. काँक्रीटवर, फरशीवर, गाडीवर एक थेंब जाऊ देऊ नका. गंजाचा तांबडा डाग पडतो तो घासून जात नाही, आणि एचओए दुसरं पत्र पाठवते. दहा-बारा दिवसांनी मेलेलं शेवाळ दंताळ्याने ओढून काढा. २,००० चौरस फुटांतून निघणारा ढीग बघून तुम्ही हबकाल, हिरव्या कचऱ्याचा डबा दोन-तीन आठवडे भरेल. त्यानंतर लॉन अत्यंत केविलवाणं दिसतं, त्याला इलाज नाही.

याच्या आधी मात्र पाण्याची वाट बघून घ्या. धो-धो पावसात छत्री घेऊन मागे जा आणि पन्हळीचं पाणी कुठे पडतंय ते पाहा. निम्म्या घरांत छपराचा एक तरी पाइप सरळ लॉनमध्ये सोडलेला असतो. तो दहा फूट पुढे झुडपांकडे नेला, तरी पचपच अर्धी कमी होते. वीस डॉलरचं काम आहे. त्याने भागलं नाही, तरच खडीचा चर वगैरे विचार करा, आणि तो खणण्याआधी शहराचे नियम बघा. शेजाऱ्याच्या अंगणात पाणी सोडलं तर प्रकरण वाढतं.

मग माती मोकळी करणं. त्यासाठी कोअर एरेटर भाड्याने मिळतो. तो जमिनीतून मातीच्या दोन-तीन इंचांच्या गुळ्या उपसून वर टाकतो. नुसते खिळे टोचणारं यंत्र घेऊ नका, त्याने भोकाच्या कडा उलट दाबल्या जातात. यंत्र जड असतं, गाडीतून उतरवायला दोन माणसं लागतात. वेळ साधायची ती वाफशाची. मूठभर माती दाबून गोळा करा आणि टिचकी मारा. फुटला तर यंत्र आणा, बोटाला चिकटला तर आणखी चार दिवस थांबा. चिखलात एरेटर चालवला, तर केलेल्या कामाच्या दुप्पट माती दबते. बॉथेलला अशी वेळ बहुधा एप्रिलच्या शेवटी येते. आडवा आणि उभा, असा दोनदा फिरवा. निघालेल्या गुळ्या तिथेच राहू द्या, दोन-तीन पावसांत विरघळतात. वर पाव इंच चाळलेलं कंपोस्ट पसरा. २,००० चौरस फुटांना साधारण दीड क्युबिक यार्ड लागेल. वाळू मात्र नको. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की विटा पाडायला उत्तम माती तयार होते.

खताबद्दल इथे दोन टोकं दिसतात. काही जण मार्चमध्येच भरपूर नायट्रोजन टाकतात आणि मग मे महिनाभर दर चौथ्या दिवशी कापत बसतात. काही जण काहीच टाकत नाहीत. दोन्हींच्या मधे राहा: एकेका वेळी हजार चौरस फुटांना एक पौंड नायट्रोजन, वर्षातून तीन ते चार वेळा. पोत्यावरचा पहिला आकडा २० असेल, तर तुमच्या लॉनला एका वेळी दहा पौंड खत लागेल. वेळा अशा: एप्रिलअखेर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरच्या शेवटी. तीनदाच द्यायचं असेल तर जूनचं गाळा, नोव्हेंबरचं गाळू नका. तेव्हा पानं वाढत नाहीत, पण मुळं खातात, आणि त्याचा रंग फेब्रुवारीत दिसतो. कोरडे दोन दिवस बघूनच टाका. इथल्या रस्त्यांवरच्या गटारांचं पाणी बहुतेक ठिकाणी कुठलीही प्रक्रिया न होता ओढ्यांत, तलावांत आणि पुढे प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे इथल्या खाडीत, जातं. त्यासाठीच वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०१३ पासून लॉनवर फॉस्फरसचं खत टाकायला बंदी आहे. नवं लॉन किंवा दुरुस्ती करत असाल, किंवा मातीच्या अहवालात कमतरता दिसली असेल, तरच मुभा. म्हणून पोत्यावरचा मधला आकडा शून्य असतो. तणनाशक मिसळलेली खतं मला अजिबात आवडत नाहीत. तण असतं लॉनच्या एका कोपऱ्यात, औषध पडतं सगळीकडे, आणि दोन्हींची योग्य वेळ क्वचितच एक असते.

तणांकडे जरा वाचायला म्हणूनही बघा. पिवळ्या चकचकीत फुलांचा, जमिनीलगत धावणारा बटरकप जिथे पसरलाय, तिथे हमखास पाणी साचतं. पांढरा क्लोव्हर आला, तर नायट्रोजन कमी पडतोय. क्लोव्हर स्वतःच हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो, उन्हाळ्यात हिरवा राहतो आणि मधमाश्यांना आवडतो, त्यामुळे माझ्या अंगणात मी तो ठेवलाय. तुमच्याकडे लहान मुलं अनवाणी पळत असतील, तर विचार करा.

आता बी. हा तुमच्या लॉनचा खरा निकाल लावणारा भाग. दुकानात ‘ऊन-सावली दोन्हींसाठी’ असं लिहिलेली जी पिशवी सगळ्यात पुढे ठेवलेली असते, तिच्या मागची बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचा. केंटकी ब्लूग्रास जास्त असेल तर परत ठेवा. ते कॅस्केड डोंगरांच्या पलीकडे, स्पोकेनकडे छान येतं. डोंगरांच्या आपल्या बाजूला, आम्ल जमिनीत आणि ओल्या हिवाळ्यात, दोन-तीन वर्षांत विरत जातं. ॲन्युअल राय असेल तर तेही नको, ते एका वर्षाचंच. आपल्याला हवं पेरेनियल राय (वर्षानुवर्षं टिकणारं राय गवत) आणि फाइन फेस्क्यू (बारीक पात्याचं गवत) यांचं मिश्रण. राय उन्हातल्या, वर्दळीच्या भागासाठी. फेस्क्यू सावलीसाठी आणि कमी खतासाठी. दक्षिणेकडे उघडा, तापणारा उतार असेल तर तिथे टॉल फेस्क्यू, त्याची मुळं खोल जातात. यासाठी लांब जावं लागत नाही. शेजारच्या ओरेगॉनमधलं विलामेट खोरं म्हणजे थंड हवामानातल्या गवतबियांचं जगातलं मोठं आगर, आणि इथल्या नर्सऱ्यांत त्याच खोऱ्यातली मिश्रणं मिळतात. आपली हरळी इथे लावण्याच्या फंदात पडू नका. ती उष्ण हवेची आहे, ऑक्टोबर ते मे वाळून बसते. गणपतीच्या दूर्वांसाठी कुंडीत लावा आणि थंडीत आत घ्या.

पेरणी करायची ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य. वसंतातही पेरता येतं, आणि शेवाळ काढल्यावर उघड्या पडलेल्या जागांवर एप्रिलअखेर थोडं पेरून घ्याच, पण त्या रोपांना पाय रोवायला दोनच महिने मिळतात आणि पुढे कोरडा जुलै उभा असतो. सप्टेंबरात जमीन उबदार असते, राय पाच ते दहा दिवसांत उगवतं, फेस्क्यूला आणखी काही दिवस लागतात, आणि पुढे पाऊस असतोच. विरळ लॉनवर वरून पेरायला हजार चौरस फुटांना चार पौंड बी पुरे. आधी गवत दीड इंचांपर्यंत कापा, दंताळ्याने जमीन ओरबाडा, बी टाका, वर कंपोस्टचा हलका थर द्या. बी मातीला चिकटलं पाहिजे, नुसतं गवतावर लोंबकळलं तर पाखरांचं जेवण होतं. सप्टेंबरच्या पावसावर विसंबू नका, पहिले पंधरा दिवस दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी द्यावं लागतं. आणि ऑक्टोबरात शेजारच्या बिगलीफ मेपलची पानं पडायला लागली की ती दर तीन-चार दिवसांनी हलक्या हाताने उचला. ते पान ताटाएवढं असतं. ओलं होऊन बसलं, तर खालची कोवळी रोपं आठवड्यात पिवळी पडतात.

कापणी दोन ते अडीच इंचांवर, सावलीत तीन. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. कापलेलं गवत तिथेच पडू द्या, खताचा चांगला चतुर्थांश भाग त्यातूनच परत मिळतो. पातं धारदार ठेवा. पानांची टोकं पांढरी, पिंजल्यासारखी दिसली तर धार गेली समजा.

उन्हाळ्यात दोनच मार्ग आहेत, मधला नाही. हिरवं ठेवायचं असेल, तर आठवड्याला एक इंच पाणी. तुमच्या लॉनला ते सुमारे १,२५० गॅलन होतं, आणि बिलात ठळक दिसतं. ते दोन वेळांत विभागून पहाटे द्या. एक इंच किती हे कळायला टूनाचे रिकामे डबे लॉनवर ठेवा आणि ते भरायला किती वेळ लागतो ते बघा. नाहीतर सरळ झोपू द्या. जुलैत गवत तपकिरी होतं, ते मेलेलं नसतं, ऑक्टोबरच्या पावसात पुन्हा उठतं. महिन्यातून एकदा खोल पाणी दिलं की पुरतं. अधूनमधून शिंपडत राहणं सगळ्यात वाईट, त्याने ते धड झोपतही नाही, धड वाढतही नाही.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर दिव्याभोवती भलेमोठे डास दिसतील. ती क्रेन फ्लाय, चावत नाही. तिची अंडी लॉनमध्ये पडतात आणि राखाडी, बिनपायांच्या, चामड्यासारख्या अळ्या फेब्रुवारी ते एप्रिल मुळांजवळ खात बसतात. स्टार्लिंग पक्षी थव्याने टोचायला लागले, तर एक चौरस फूट गवत तीन बाजूंनी कापून पांघरुणासारखं उलटा आणि अळ्या मोजा. २५ पर्यंत असतील तर निरोगी गवत स्वतःच निभावतं. बहुतेक वेळा आकडा त्याच्या आतच निघतो, म्हणून फवारणीवाल्याला आधी बोलावू नका. मे-जूनमध्ये गवताच्या टोकांना गुलाबी-लाल धाग्यासारखं काही दिसलं, तर तो रेड थ्रेड नावाचा बुरशीचा रोग. तो उपाशी लॉनला होतो. बुरशीनाशक नको, खताचा हप्ता द्या.

राहिला फरखालचा भाग. तिथे दिवसाला चार तास ऊन येत नसेल, तर लॉनचा हट्ट सोडा. सगळ्यात खालच्या फांद्या आर्बोरिस्टकडून, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाकडून, काढून घेतल्या तर थोडा उजेड वाढेल, पण शेंडा कापायला कुणी सुचवलं तर त्याला परत पाठवा. झाडाखाली रोटाव्हेटर चालवू नका आणि मातीचा भर टाकू नका, फरची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभरातच असतात. तिथे सोर्ड फर्न (नेचा), सलाल (झुडूप) अशी इथलीच झाडं लावा. किंवा शेवाळच राहू द्या. बेनब्रिज बेटावरच्या ब्लोडेल रिझर्व्हमध्ये शेवाळाची आख्खी बाग जपलेली आहे आणि लोक तिकीट काढून ती बघायला जातात.

एचओएला उत्तर लिहिताना भावनिक होऊ नका, वेळापत्रक द्या: एप्रिलमध्ये शेवाळाचा बंदोबस्त आणि एरेशन, सप्टेंबरात पेरणी. सहसा तेवढ्यावर ते थांबतात. फरखाली गवताऐवजी झुडपांचा वाफा करायला मात्र बऱ्याच ठिकाणी त्यांच्या समितीची लेखी मंजुरी लागते, आणि समिती सावकाश भेटते. तो अर्ज साध्या नकाशासह आत्ताच टाका. नेचे लावायला ऑक्टोबर चांगला, तोपर्यंत उत्तर आलेलं असेल.